जावेचं मशीन

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मला कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत परमनंट होऊन बरीच वर्षं झाली होती. मोटारीच्या हॉर्नमध्ये आणि आणखी कुठे कुठे बसणाऱ्या छोट्या कॉइल ही कंपनी बनवते. केसासारखी बारीक तांब्याची तार प्लॅस्टिकच्या रिळावर गुंडाळायची, टोकं साफ करायची, तपासायची आणि ट्रेमध्ये लावायची, हे आमचं काम. बारावीनंतर मी लागले तेव्हा कंपनी नवी होती. त्यांना माणसं हवी होती आणि लागलेल्या सगळ्यांना त्यांनी लवकरच कायम केलं. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. मी वेळेवर जन्मले एवढंच.

जाऊ वैभववाडीकडची. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, शिक्षण माझ्याएवढंच. घरात बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. लग्नानंतरचे पहिले सण झाले तशी ती कंपनीतल्या कामासाठी माझ्या मागे लागली की माकाय थय लाव. पण तोवर कंपनीने कायम करणं बंद केलं होतं. नवीन मुली ठेकेदाराकडून येत. त्यांचा पगार तो देई, हजेरी त्याचा मुकादम घेई आणि काही महिने झाले की थोड्या दिवसांचा ब्रेक देऊन पुन्हा नव्याने घेई. म्हणजे कोणी कितीही वर्षं काम केलं तरी ती नवीनच. हे सगळं मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, काम तर गावता मा?

परमनंट लोकांसाठी कंपनीची बस आमच्या वालावलच्या बाजूला येते. काँट्रॅक्टवाल्यांना तिच्यात चढता येत नाही. मग मी बस सोडली आणि दिराची जुनी स्कूटर घेऊन आम्ही दोघी जायला लागलो. मी चालवायची, ती मागे डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन. नेरूरचा उतार येईपर्यंत तिची बडबड चालू असे. घरात सासूबाईंसमोर जे बोलता येत नसे ते सगळं ती त्या रस्त्यावर बोलून घेई. माझ्या पाठीला तोंड करून बोलायची म्हणून असेल, ती फार मोकळी बोलायची.

गेटवर आम्ही वेगळ्या व्हायचो. माझ्या ओळखपत्राची पट्टी निळी, तिची पिवळी. माझी हजेरी मशीनवर, तिची मुकादमाकडे. आत गेलो की पुन्हा शेजारी शेजारी, कारण सुपरवायझरने तिला शिकवायचं काम मलाच दिलं होतं आणि शिकून झाल्यावरही कोणी तिची जागा बदलली नाही. तिची उंची कमी. स्टुलावर बसलं की पाय टेकत नसत. तिने घरून फळीचा एक तुकडा आणून पायाखाली ठेवला होता आणि जुन्या लुगड्याची घडी शिवून स्टुलावर घातली होती.

चांगले दिवस होते तोवर या निळ्या-पिवळ्याचं आम्हाला काही वाटत नसे. रविवारचं जादा काम दोघींना मिळे. दिवाळीला मिठाईचा डबा दोघींना मिळे, माझा मोठा आणि तिचा छोटा, पण घरी येऊन दोन्ही एकाच ताटात रिकामे होत. माझ्या मुलीच्या वेळी मला सहा महिने भरपगारी रजा मिळाली होती आणि कामावर परतल्यावर बाळासाठी मधल्या वेळात घरी जायची सवलत होती. हे ऐकून ती एकदा गंमतीने म्हणाली होती, आपल्याक झाला की बघूया काय देतत ते. आम्ही दोघी हसलो होतो.

मंदी हा शब्द मी टीव्हीवर ऐकत होते. कंपनीत तो कोणी काढला नाही. आधी रविवारचं काम बंद झालं. मग तिसरी पाळी गेली. पुण्याहून माल न्यायला येणारा ट्रक एक आड एक येऊ लागला आणि पुढे कधी येईल ते सांगता येईना. तयार मालाचे खोके गोदामात मावेनासे झाले तसे ते आमच्या शॉपमधल्या, म्हणजे मशीनच्या हॉलमधल्या, बोळात लागले. शेवटी बाथरूमला जायचं तरी अंग चोरून जावं लागे. गाड्या खपत नाहीत, म्हणून हॉर्न नकोत, म्हणून कॉइल नकोत. एवढं आम्हाला कळत होतं. पुढचं कळत नव्हतं.

त्याच सुमारास तारकर्लीला दिराचीही गडबड सुरू झाली. तो एका हॉटेलात सगळं काही करायचा. खोल्या लावायचा, गिऱ्हाइकांना बोटीवर नेऊन सोडायचा, वेळ पडली तर मासे साफ करून द्यायचा. पर्यटक येत होते, पण राहत नव्हते. सकाळी येऊन किल्ला बघून, जेवून, अंधार पडायच्या आत परत. मालकाने त्याला सांगितलं, फक्त शनिवार-रविवार ये. तो घरी आला तो थेट माडांना पाणी लावायला गेला.

जाऊ तेव्हा पाचव्या महिन्यात होती. कंपनीत तिने सांगितलं नव्हतं. काँट्रॅक्टवाल्या सांगत नाहीत. एप्रन ढगळ असतो, त्यात बरेच दिवस निभावतं.

एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी स्कूटर काढून तिची वाट बघत राहिले. बाकीच्या मुली गेटजवळ घोळक्याने उभ्या होत्या, कोणी घाईने जात नव्हतं. ती आली तेव्हा तिच्या गळ्यात पट्टी नव्हती.

"ताई, उद्यापासून येव नको म्हणून सांगितल्यानी," ती म्हणाली.

कोणी, असं मी विचारलं. मुकादमाने, ती म्हणाली. आमच्या सगळ्या रांगेला. पट्ट्याही काढून घेतल्या.

मी मागे वळून गेटकडे बघितलं. मुकादम मोटारसायकलवर बसून फोनवर बोलत होता. त्याच्याकडे जाऊन भांडावं असं वाटलं, पण गेले नाही. तोही कोणाचा तरी नोकरच. ती मागे बसली. नेरूरचा उतार आला आणि गेला, ती काही बोलली नाही.

घरी सासूबाईंना हे समजावून सांगणं सगळ्यात कठीण गेलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोघी एकाच गाडयेन जातास, एकाच जागेर बसतास, काम एकच करतास. मगे एकीक ठेवतत आणि एकीक काढतत, ह्या कसला?"

मी त्यांना ठेकेदार म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, पण त्यांना पटलं नव्हतं हे दिसत होतं. खरं तर मलाही कुठे पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बसने गेले. शॉपमध्ये अर्धी स्टुलं रिकामी होती. सुपरवायझर आला आणि त्याने प्रत्येक परमनंट बाईला शेजारचं एक मशीन जोडून दिलं. माझ्या शेजारचं मशीन जावेचं. एकाची तार भरेपर्यंत दुसऱ्याचा ट्रे लावायचा, दुसऱ्याची भरेपर्यंत पहिल्याचा. मला दोन स्टुलांमध्ये सारखं सरकावं लागे. तिच्या स्टुलावर ती घडी तशीच होती आणि खाली फळीचा तुकडा. माझे गुडघे त्या फळीमुळे वर येत. ती काढून बाजूला ठेवायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण मी ती काढली नाही.

माल नको म्हणून माणसं काढली होती आणि तरी मशीन चालू होतं. हे कसं, असं मी जेवणाच्या सुट्टीत शेजारणींना विचारलं. एक म्हणाली, माल नको असं नाही, थोडा हवाय, आणि तो आपण करतोय. दुसरी म्हणाली, आपल्याला ठेवलंय ना, मग कशाला विचारायचं. ती वाईट मनाने बोलली नव्हती. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि तिच्या विम्याच्या कार्डावर त्याची औषधं मिळत होती.

आमची युनियन आहे. लहानशी, पण आहे. तिची बैठक एका देवळाच्या सभामंडपात झाली. पगार कमी होणार का, ही सगळ्यांना काळजी. आमच्या पुढाऱ्याने सांगितलं की बोलणी झाली आहेत. आठवड्यातून काही दिवस कंपनी बंद राहील आणि त्या दिवसांचा आपल्याला अर्धा पगार मिळेल. फंडाला आणि विम्याला धक्का लागणार नाही. सगळ्यांचे चेहरे सैलावले. मी उभी राहिले आणि विचारलं, पिवळ्या पट्टीवाल्यांचं काय? मग पुढारी म्हणाला की त्या आपल्या सभासद नाहीत, त्यांच्यासाठी आपण बोलायला गेलो तर आपलंही बोलणं मोडेल. आपल्यावर नाही आलं हेच खूप समजा. तो माझ्याकडे बघून बोलत नव्हता. त्याची पुतणी जावेच्याच रांगेत होती, हे मला माहीत होतं.

असे ते दिवस सुरू झाले. कंपनी बंद असेल त्या दिवशी मी घरी असायची आणि मला अर्धा पगार मिळायचा. जाऊही घरी असायची आणि तिला काहीच मिळायचं नाही. एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी बसून भाजी चिरायचो. घरात खायला काही कमी पडत होतं असं नाही. भात घरचा, नारळ घरचे, माझा नवरा मळ्यात राबत होता. पण तिच्या हातात स्वतःचं असं काही नसायचं. आधी ती कुडाळहून येताना सासूबाईंसाठी काहीतरी आणायची, माझ्या मुलीला खाऊ आणायची. आता साधी रिबीन आणायची तरी ती आधी दिराकडे बघे आणि दीर दुसरीकडे बघे.

काजूचा हंगाम आला तेव्हा तिने परस्पर ठरवलं की शेजारच्या गावातल्या एका बागेत वेचणीला जायचं. तेव्हा तिला सातवा लागला होता. सासूबाई नको म्हणाल्या. दीर म्हणाला, काही गरज नाही. ती सकाळी उठून पाटी घेऊन निघाली. माझा बंदचा दिवस होता. मी तिच्या मागे गेले.

बागेत झाडाखाली बोंडांचा सडा पडलेला. पिकलेल्या बोंडांचा तो आंबूस वास तिला सोसत नव्हता. तिने पदराचं टोक नाकाला बांधलं होतं. मी तिला म्हटलं, तू बस, बोंडापासून बिया सोडवायचं काम कर, वाकायचं मी बघते. ती ऐकेना. मग बऱ्याच वेळाने तिला चक्कर आल्यासारखं झालं तेव्हा बसली. मी वेचून तिच्यासमोर आणून टाकत होते आणि ती पिळून पिळून बिया काढत होती. चिकाने तिच्या बोटांची सालं गेली होती. याच बोटांनी ती केसाएवढी तार धरायची.

बागवाल्याने संध्याकाळी एकीचीच मजुरी दिली. ठरलं होतं एकीचं, दुसरी आपणहून आली, तो म्हणाला. आम्ही वाद घातला नाही.

परत येताना तिने मला विचारलं, "तुका आजचो पगार गावतलो मा?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, बरा झाला. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याच आठवड्यात मी एचआरच्या साहेबांना भेटायला गेले. ते कोल्हापूरकडचे, मवाळ बोलणारे. माझ्या मुलीच्या वेळी रजेची सगळी कामं त्यांनीच करून दिली होती. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी घरून वाक्यं ठरवून आले होते. ती विसरले आणि भलत्याच जागी सुरुवात केली, माझ्या सासूबाईंपासून. साहेबांनी ऐकून घेतलं. शेवटी मी एकदाची मुद्द्यावर आले.

"साहेब, माझी जागा तिला द्या. तिचं बाळंतपण होऊन ती उभी राहीपर्यंत. मी बिनपगारी घरी बसते. काम तेच आहे, मशीन तेच आहे. कंपनीला काही फरक पडणार नाही."

बाहेर शिपाई कोणाशी तरी बोलत होता, त्याचं बोलणं संपेपर्यंत साहेब थांबले.

"ताई, तसं करता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही उद्या राजीनामा दिलात तर मला तो वर पाठवावा लागेल आणि वरच्यांना बरंच वाटेल. एक माणूस कमी झालं. त्या जागेवर मग कोणीच येणार नाही. तुमच्या जाऊबाई तर नाहीतच."

"पण पोटुशी बाई आहे. तिला काढता येतं का?"

"आम्ही त्यांना काढलंच नाही. त्या आमच्याकडे कधी नव्हत्या. ठेकेदाराच्या होत्या, आणि त्याचं कंत्राट संपलं."

"माझ्या शेजारी बसत होती ती."

"बसत होत्या," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "माझ्या हातात असतं तर..."

मी विम्याचं विचारलं. माझ्या कार्डावर नवरा, मुलगी आणि सासूबाई होत्या. तिचं नाव घालता येईल का? साहेबांनी सांगितलं की जाऊ कुटुंबात येत नाही. दीरही येत नाही. मी म्हटलं, आमची चूल एक आहे. ते म्हणाले, हो, पण येत नाही.

त्या खोलीत कोणीच वाईट माणूस नव्हता. मी भांडायला गेले असते तर निदान भांडून तरी आले असते.

घरी मी कोणाला सांगणार नव्हते, पण नवऱ्याला सांगितलं. तो आधी चिडला. घरातला एकच पक्का पगार, तो कोणाला विचारून सोडायला निघालीस, असं म्हणाला. मग चिडणं सोडून देऊन बराच वेळ अंगणात कोयता परजत बसला. कुडाळला त्याच्या ओळखीचा एक वकील होता. त्याला जाऊन त्याने विचारलं. वकील म्हणाला, तक्रार करता येईल, ओरोसला जिल्ह्याच्या कामगार ऑफिसात जावं लागेल, ती तिथे कामाला होती हे दाखवावं लागेल, वेळ लागेल. आणि एकदा तक्रार झाली की तो ठेकेदार तिला पुन्हा घेणार नाही हे लक्षात ठेवा. कदाचित तिच्या रांगेतल्या इतरांनाही नाही.

हे सगळं जावेच्या कानावर गेलंच. ती विहिरीवर कपडे धूत होती, मी पाणी काढत होते.

"तू काम सोडलंस तर माका काय गावतला?" ती म्हणाली. "कायच नाय. मगे कित्याक?"

मी म्हटलं, मला तिथे बसवत नाही गो.

"बस," ती म्हणाली. "कोणीतरी बसाक होया." आणि पिळलेलं लुगडं दुसऱ्या टोकाला धरायला माझ्याकडे दिलं. तक्रारीचं ती नको म्हणाली. रांगेतल्या दोन मुलींची लग्नं ठरली होती, त्यांना पुन्हा काम लागायला हवं होतं.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. मुलगा झाला, अंगाने किरकोळ पण ठणठणीत. तिथल्या लोकांनी चांगलं बघितलं, पैसेही लागले नाहीत. आशाताई घरी येऊन गोळ्या देत होती, वजन करत होती. बाळंतपणाचं असं कोणी काही कमी केलं नाही. अडचण त्यानंतर सुरू झाली.

बाळ दोन महिन्यांचं होत आलं आणि पुण्याचा ट्रक पुन्हा नियमित यायला लागला. बोळातले खोके एका आठवड्यात हलले. आमचे बंदचे दिवस संपले. परमनंटांचा पगार पूर्ववत झाला आणि युनियनने पेढे वाटले. नवा ठेकेदार आला, मुकादम जुनाच राहिला. त्याने जुन्या मुलींना फोन केले. ताबडतोब आलात तर घेतो, नाहीतर दुसऱ्या बघतो. पगार आधीपेक्षा थोडा कमी. ब्रेकचा नियम तोच.

जावेने एका दिवसाचीही मुदत मागितली नाही. बाळाला सासूबाईंच्या हवाली करून ती पुन्हा माझ्या मागे स्कूटरवर बसली. मी म्हटलं, थोडं थांब, अंग भरू दे. ती म्हणाली, थांबलंय तर दुसरी येतली. ते खरं होतं.

तिचं मशीन तिला परत मिळालं. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला अजून अवकाश होता, ती एकदम थांबली. मी बघितलं तर तिच्या एप्रनवर छातीशी दोन ओले डाग पसरत होते. तिने हात आडवे धरले. दुधाने छाती भरून दगड झाली होती, ते मला तिच्या तोंडावरूनच कळलं. मी या सगळ्यातून गेले होते, पण तेव्हा मी घरी होते, आणि परतल्यावरही वेळ झाली की मी निघून जायची.

ती सुपरवायझरकडे गेली. त्याला बिचाऱ्याला बघायचं कुठे ते कळेना. तो म्हणाला, काँट्रॅक्टवाल्यांना मी सोडू शकत नाही, मुकादमाला विचारा. मुकादमाला आत यायची परवानगी नव्हती आणि तिला हजेरीच्या वेळात गेटबाहेर जायची. मी सुपरवायझरला म्हटलं, माझ्या वेळेतून तिला सोड. तो म्हणाला, तुमच्या वेळेतून त्यांना कसं सोडू?

शेवटी ती बाथरूममध्ये गेली. मी मागोमाग गेले. बेसिनसमोर उभी राहून तिने दूध पिळून काढलं. नळ चालू ठेवला होता, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मी दार धरून उभी राहिले. घरी सासूबाई बाळाला वाटी-चमच्याने पावडरचं दूध पाजत असणार, आणि ते घेत नसणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. ती रडली नाही. तोंड धुऊन, माझ्या ओढणीला पुसून, जाऊन मशीनवर बसली.

हे काही आठवडे रोज चाललं. मग एक दिवस तिचं दूधच आटलं. त्या दिवशी स्कूटरवर तिने मला ते सांगितलं, आता डाग पडायचे नाहीत, असं म्हणून. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं. मागून येणारी कंपनीची बस हॉर्न देत पुढे गेली. ती म्हणाली, चल, उशीर होतलो.

बाळ त्या पावसात सारखं आजारी पडलं. खोकला, मग जुलाब, मग पुन्हा खोकला. दर वेळी तिचा खाडा होई आणि खाड्याचा पगार कापला जाई. तिसऱ्या-चौथ्या खाड्यानंतर मुकादमाने तिला गेटवर थांबवलं आणि उद्यापासून दुसरी मुलगी येईल म्हणून सांगितलं. या वेळी मंदी नव्हती. माल पुरेनासा झाला होता इतकी मागणी होती. माझ्या मुलीच्या आजारपणात मी किती रजा घेतल्या होत्या त्या आठवून बघितल्या. कोणी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

त्यानंतर दिराने ठरवलं की इथे काही खरं नाही. म्हापशाला त्याच्या मित्राच्या ओळखीने एका हॉटेलात काम मिळालं, तिलाही तिथल्या लाँड्रीत. सासूबाईंना ते सोसलं नाही. घरात खायला आहे, कशाला जाता, असं त्या म्हणत राहिल्या. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही होतं. पण दीर आणि जाऊ दोघंही मान खाली घालून जेवायला कंटाळली होती. माझ्या नवऱ्याने भावाला थांब म्हणून एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

आता बाळ चार वर्षांचं झालंय. ती तिघं चतुर्थीला येतात, आणि मे महिन्यात आंबे खायला. तिथेही ती ठेकेदाराकडूनच आहे, दीरही. पाऊस सुरू झाला की तिथली गर्दी ओसरते आणि लाँड्रीतल्या बायकांना घरी बसवतात. मग ती मुलाला घेऊन आमच्याकडे येऊन राहते, लावणीत आम्हाला मदत करते. कार्ड-बिर्ड काही नाही. तिने विचारलंही नाही. चादरींच्या गरम वाफेने तिच्या हातांवर चट्टे आलेत.

कंपनीविषयी आम्ही बोलत नाही. एकदा तिने तिथल्या जुन्या मुलींची चौकशी केली. मी सांगितलं, दोघी-तिघी आहेत, बाकी सगळ्या नव्या आहेत. माझ्या शेजारी आता कोण बसतं, ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

यंदा पुन्हा ट्रक एक आड एक यायला लागलाय. अजून कोणी काही म्हणालेलं नाही. जावेचं लाँड्रीतलं काम मात्र पावसाच्या आधीच थांबलं होतं, म्हणून या खेपेला ती जास्त दिवस राहिली. नारळी पौर्णिमा झाली आणि हॉटेलवरून बोलावणं आलं. मी त्यांना सोडायला कुडाळच्या स्टँडवर गेले. दीर आधीच पुढे गेला होता. नवऱ्याने दिलेल्या नारळांचं पोतं टपावर चढवायला कंडक्टरने कुरकुर केली, मग चढवू दिलं. मुलाला खिडकी हवी होती, ती मिळाली. जावेने खाली वाकून मला सांगितलं की सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल संपत आलंय, आजच घेऊन जा. मी हो म्हटलं. बस सुटली आणि मी समोरच्या दुकानातून तेल घेऊन तिथूनच दुसऱ्या पाळीला गेले.